लातूरची साक्ष

शमुवेलदादा,

पत्राच्या वर प्रभूच्या नावात सलाम लिहायचा असतो. आज तेवढा राहू दे.

रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून तू दिलेली साक्ष मार्थामावशीनं मला मोबाईलवर पाठवली. "माझ्या बहिणीनं वीरण्णाशी लग्न करून मंडळी सोडली, तरी मी तिला माफ केलंय," म्हणालास. सगळे हालेलुया म्हणाले.

आई गेली तेव्हा तू मला कळवलं नाहीस. लातूरहून मुदखेडला फोन लागतो, दादा. मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. हे साक्षीत सांगायचं राहिलं वाटतं.

आता सारखे फोन येऊन राहिले. भावाचं मन बघ लई मोठं, नाताळला जा. वीरण्णासुद्धा म्हणतो, जाऊन ये. नाही म्हटलं तर मीच दगडाच्या काळजाची.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी आई आपल्याला समेट करायला लावायची, आठवतं? मारलेलं असायचं तू, आणि तूच आधी म्हणायचास, "मी शलोमीला माफ केलं." मी नुसती रडत उभी. मग आई तुझा कान धरायची. "माफ तिनं करायचं हाय. तू माफी मागायची."

हे पत्र पाठवणार नाही. नाताळला मात्र येईन. तू सगळ्यांदेखत जवळ घेशील आणि मी घेऊ देईन. दुसरं काय करू? तुझा कान धरणारी एकच होती, आणि तिच्या मातीला मी नव्हते.

तू माफ केलेली,
शलोमी