दहा दिवसांचा ब्रेक

दादा,

काल तुझं पहिलं मासिक श्राद्ध झालं. रडून झालं की निवांत लिहीन म्हणत होते, पण रडू येईना. नुसता राग येतोय. म्हणून आजच लिहितेय.

गोदामाचे मॅनेजर आले होते. मी चहा देत होते, तेव्हा ते वहिनीला म्हणाले, "चार वर्षं कायम होते ते. म्हणून घरातल्या एकाला घेता येईल." चार वर्षं? तू तर माझ्यासारखाच कंत्राटावर होतास ना?

पडघ्याच्या शाळेत मी क्लार्क होते. पगार बेताचा, पण ऑर्डर पक्की. अंजूरला गोदामं उभी राहिली आणि तू नाचतच घरी आलास. सहा महिने कंत्राट, मग दोघंही परमनंट! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, असं आई कळवळून सांगत होती. तू तिलाच वेड्यात काढलंस. आणि मी शहाणी, राजीनामा देऊन मोकळी झाले.

सहाचे अकरा महिने झाले. मग दहा दिवसांचा ब्रेक. घरी बसायचं आणि परत यायचं ते नव्या कार्डावर, जणू आजच लागलोय. दर अकरा महिन्यांनी हेच. ब्रेकमध्ये तूही घरी असायचास. पोरांना घेऊन आपण वज्रेश्वरीला जायचो, कुंडात पाय सोडून कंत्राटदाराला शिव्या घालायचो. भाऊही आपल्यासारखाच अडकलाय, म्हणून मला धीर यायचा. आणि तू भरपगारी रजा टाकून येत होतास! शिव्या तर माझ्यापेक्षा तूच जास्त द्यायचास.

मध्ये शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला होता, जागा रिकामी आहे, ये परत. मी तुलाच विचारलं. म्हणालास, "आता दारात येऊन माघारी फिरतेस?" नाही फिरले. बाईंनी दुसरीला घेतलं. तेव्हा तू कायम होऊन वर्ष झालं होतं, दादा.

वहिनीला विचारलं, ठाऊक होतं का? ती खाली बघून म्हणाली, "तुमाला कळलं असतं तं तुमी काम सोडून गेल्या असत्या. मंग त्यांचं लिवायचं कोन करनार व्हतं?"

खरंच की! मालाच्या आवकजावकीची रजिस्टरं मी लिहायची, सही तुझी. त्या कामावरच साहेबांनी तुला कायम केलं. एकदा तरी सांगायचंस. भांडले असते, आठ दिवस बोलले नसते, पण बहीणच होते ना तुझी?

आता वहिनीला बोलावतायत. आधी सहा महिने कंत्राटावर, मग बघू म्हणे. ती मला विचारते, घेऊ का वन्सं?

एक शब्द देते तुला. कायमची ऑर्डर हातात पडल्याशिवाय मी तिला कुठेही सही करू देणार नाही. रजिस्टर कसं लिहायचं ते रोज बसून शिकवीन, चुकली तर पुन्हा शिकवीन. पण तिच्यासाठी एक ओळही लिहून देणार नाही, तिने कितीही विनवलं तरी.

अजूनही कंत्राटावरची,
नंदा