माग गेले, आता खांब कशाला

३ मार्च, सोमवार. सकाळी.
आजपासून रोज लिहायचं. एवढ्या मोठ्या कामाची नोंद असावी. सोलापूरला बायकांची प्रोफेशनल बास्केटबॉल टीम येते आहे. येते आहे म्हणजे मी आणतो आहे. मालक अकलूजचा शिवराज. वय तिशीचं, गॉगल कायम डोक्यावर. त्याला प्रॅक्टिसला आणि मॅचला बंदिस्त जागा पाहिजे. माझा चादरींचा कारखाना रिकामाच पडला आहे, माग विकून झाले. मी म्हटलं, घ्या. तो म्हणाला, आण्णा, तुमी लई मोठं काम केलं बगा.
यात आमच्या उत्कर्षाचा काही संबंध नाही. नात सहा फूट उंच आहे, चांगली खेळते, चेन्नईच्या क्लबने तिला बोलावलं आहे, हे सगळं खरं. पण मी हे शहरासाठी करतो आहे. नरसाबाई म्हणते, पोरगी लांब जाईल म्हणून चाललंय सगळं. बायकोला शहराचा विचार करताच येत नाही.

६ मार्च
उत्कर्षाने चेन्नईला नाही म्हणून कळवलं. फोन ठेवला आणि मला विचारलं, ताता, इथं नक्की होईल ना? मी म्हटलं, मी आहे ना. तिचे आईबाप भिवंडीला मागावर असतात, सहावीपासून ती आमच्याकडेच. पण तो वेगळा विषय.
एक बारीक अडचण. शेडच्या मधोमध दोन लोखंडी खांब आहेत. कोच माजिदा मॅडम इथल्याच, युनिव्हर्सिटीला खेळलेल्या. त्या म्हणाल्या, आजोबा, पोरींनी खांबाला पण पास द्यायचा का? जीभ जरा तिखट आहे. उपाय काढतो.

९ मार्च, रविवार
उपाय निघाला. आंघोळ करताना. वडिलांनी शेड बांधली तेव्हा सगळे माग एकदम चालायचे. जमीन थरथरायची, पाण्याचा तांब्या ठेवला तर सरकत सरकत जायचा. तो हादरा झेलायला खांब. आता माग गेले, हादरा गेला, तर खांब कशाला? नुसते उभे आहेत, पेन्शनीत काढल्यासारखे.
सातवी शिकलेल्या माणसाला हे सुचलं. इंजिनिअरला सुचणार नाही, म्हणून विचारायला गेलो नाही.

१२ मार्च
नईम मिस्त्री गॅस कटर घेऊन आला. खांबाभोवती दोन चकरा मारल्या, वर बघितलं आणि म्हणाला, आण्णा, वजन किसपे जाएगा? मी म्हटलं, कसलं वजन, माग आहेत कुठं? त्याला वाटलं मी गंमत केली. तो हसला. मग मीही हसलो.
दुसरा खांब सुटला तेव्हा वर मोठा आवाज झाला. म्हातारी बाई एकदम सगळी बोटं मोडते तसा. कबुतरं एका झपाट्यात उडून गेली. नईम शिडीवरून उतरला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी समजावलं, लोखंड मोकळं झालं की असं बोलतं. तो चहा न घेता गेला. घाईत असेल.
कबुतरं परत आली नाहीत. बरंच झालं, घाण करायची.

३० मार्च, गुढीपाडवा
उद्घाटन. टीमचं नाव सोलापूर थंडर. मी सोलापूर चादर सुचवलं होतं, शिवराज म्हणाला पुढच्या वर्षी बगू. मंडप, हलगी, बाराही पोरी निळ्या कपड्यांत. उत्कर्षा कॅप्टन. फार शोभत होती.
पाहुणे आले आणि शेडचं दार उघडेना. शिवराजच्या माणसांनी खांदे लावून ढकललं. मी माइकवर सांगितलं, लाकूड फुगतं. नरसाबाई मागून म्हणाली, पाडव्याच्या उन्हात? लोक हसले. चार लोकांत नवऱ्याचं हसू करू नये एवढं तिला कळायला पाहिजे. संध्याकाळी रंधा आणून दार घासलं. आता उत्तम लागतं.

२ एप्रिल
दार परत अडकतं आहे. परत घासलं.

५ एप्रिल
लांबून टाकलेला बॉल छत तोलणाऱ्या लोखंडी कैचीला लागतो. लागला की वरून गंजाची भुकटी पडते. माजिदा मॅडमनी दोनदा शिट्टी मारून प्रॅक्टिस थांबवली. मी सुचवलं, बॉल सपाट टाका, उंच कशाला? पोरी आता तसाच टाकतात. याला मी सोलापुरी शॉट असं नाव दिलं आहे. बाकीच्या टीमना हे समजायला वेळ लागेल.
ठराव : पोरी यायच्या आत रोज सकाळी फरशी झाडून घ्यायची. खेळाडूंचं मन खेळात राहिलं पाहिजे.

८ एप्रिल
झाडलं. सुपलीभर निघालं. काल एवढं नव्हतं. वाऱ्याचे दिवस आहेत.

१३ एप्रिल, रविवार
पहिली मॅच, कोल्हापूरला. मी बसमध्ये पुढच्या सीटवर. आपले बावीस, त्यांचे एकाहत्तर. आपले बहुतेक बॉल रिंगच्या खालून गेले. तिथला हॉल उगाच देवळासारखा उंच बांधला आहे, कोणाचीही सवय बिघडेल. येताना बसमध्ये उत्कर्षा मागे खिडकीशी बसली होती. मी चिवड्याचा पुडा पाठवला, तो तसाच परत आला.
होम मॅच २७ तारखेला. तिथे दाखवू.

१६ एप्रिल
उत्कर्षाला काहीतरी सुचतच असतं. शिडी लावून तिने मधल्या कैचीला सूत बांधलं, खाली मागाची जुनी कांडी लटकवली. कांडी फरशीपासून वीतभर वर. म्हणाली, ताता, ही खाली आली तर छत खाली येतंय. मी म्हटलं, बांध. विणकराच्या घरातली पोरगी आहे, सुतावर विश्वास असणारच.
मला काळजी नाही. फक्त आज दोनदा बघून आलो.

१९ एप्रिल
कांडी फरशीला टेकली.
सूत सैल पडतं. सगळी हयात सुतात गेली, मला कोण शिकवणार? उन्हात ताणलं जातं, हे तिला कुठे ठाऊक. ती यायच्या आत सूत वर ओढून परत वीतभर अंतर करून ठेवलं. मोजमाप नीट असलेलं बरं.
आली, कांडीकडे बघितलं, मग गाठीकडे बघितलं. म्हणाली, ताता, ही गाठ माझी नाही. मी म्हटलं, सराव कर. मग दिवसभर जेवण गेलं नाही. पित्त असेल.

२० एप्रिल
दार घासायला गेलो. आता घासण्याएवढं लाकूडच उरलं नाही. उघडंच ठेवायचं ठरवलं. हवा येईल.

२२ एप्रिल, मंगळवार
माजिदा मॅडम पोरींना घेऊन बाहेर आल्या आणि कुलूप मागितलं. मी म्हटलं दार लागत नाही. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमच्या वयाचा मान ठेवते, पण कल से एक भी पोरी अंदर पाऊल नहीं रखेगी, हौ. एवढ्या चिडल्या की हिंदी मराठी एक झालं.
दुपारी शिवराज आला. उंबऱ्याच्या आत आला नाही, तिथूनच मान लांब करून बघितलं. गॉगल प्रथमच डोळ्यांवर होता. म्हणाला, आण्णा, लीगवाले गुपचूप बगून गेल्यात. पुण्यात हॉल घेतलाय. मी विचारलं, आणि सोलापूर? तो म्हणाला, नाव सोलापूरच राहील की, त्यात काय एवढं.
उत्कर्षासुद्धा जाणार. शुक्रवारी बस. रात्री भाकरी मोडताना तिने खाली बघतच सांगितलं. मी म्हटलं, छत भक्कम आहे. ती म्हणाली, ताता, मी छताचं कुठं म्हणतेय?
मग कशाचं म्हणते आहे, ते समजलं नाही.

२४ एप्रिल
निश्चय केला. उद्या सकाळपासून शेडच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसायचं. दिवसभर. माणूस बसून सुखरूप उठला तर कोण काय बोलणार? बस निघायच्या आधी सगळ्यांना पटेल. पुण्याचा हॉल कॅन्सल.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी आठ.
बसलो. फरशीवर भुकटीचा पातळ थर आहे, माझ्याच पावलांचे ठसे दिसतात. बाकी उत्तम.

साडेनऊ
नरसाबाई उंबऱ्यातून ओरडली, चहा बाहेर येऊन प्या. मी म्हटलं, आत आणून दे. तिने कप उंबऱ्यावर ठेवला. चहा तिथेच गार झाला.

अकरा
वर एकसारखं काहीतरी चाललं आहे. कोणी खुर्चीत बसल्या बसल्या वजन बदलावं तसं. पत्रे तापले की होतं. वहीच्या पानावर भुकटी पडते, फुंकर मारून लिहितो आहे. पोरी बाहेर बॅगा लावतात, हसण्याचा आवाज येतो. एकीलाही आत बघावंसं वाटलं नाही.

बारा
माजिदा मॅडम हात जोडून सांगून गेल्या. शिवराज हॉर्न वाजवतो आहे. उत्कर्षा उंबऱ्यात आली. म्हणाली, ताता, निघते, बाहेर या. मी म्हटलं, तू आत ये. छत भक्कम आहे असं तोंडाने म्हण आणि मग जा. ती उंबऱ्यातच उभी आहे. मी लिहितो आहे असं दाखवतो आहे. आता ती चपला काढते आहे

संध्याकाळी
राहिलेलं लिहितो. ती आत आली. त्या भुकटीवरून अनवाणी, सरळ माझ्यापर्यंत. वाकली, पायाला हात लावला. छताखाली तिची ती एवढी मोठी पाठ. मी ओरडलो. जा, पळ, बाहेर जा आधी, असं काहीतरी ओरडलो, हाताने ढकललंसुद्धा. ती पळाली. दाराबाहेर जाऊन वळून बघितलं, रडत होती की हसत होती ते उन्हात दिसलं नाही. मग बस गेली.
नरसाबाई म्हणते, शेवटी भ्यालात ना. भ्यालो वगैरे नाही. बसला उशीर होत होता, म्हणून ओरडलो.
छत अजून जागच्या जागी आहे, हे नमूद करून ठेवतो. हे मात्र बाहेर ओट्यावर बसून लिहितो आहे. आत उजेड कमी पडतो.