तू जखम पाहिलीस त्या दिवशी

प्रिय मारेल्विस,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्याचा अर्थ काढत बसू नकोस. उभ्यानेच लिहितोय, फ्रिजवर कागद ठेवून. बसायची सोय तू आणि त्या बैलाने मिळून ठेवलेली नाही.

हो, तूसुद्धा. वीस जानेवारीला सिन्सेलेहोच्या बैलांच्या रिंगणात मी काही हौसेने उतरलो नव्हतो. वर सज्जात तू औषधवाल्याच्या पोराला खेटून बसली होतीस, त्याच्याच टोपीने वारा घेत. नोव्हेंबरात तुझ्यासाठी जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण तिसऱ्या सत्रात टाकून मोंतेरियाहून आलो, आणि जानेवारीत ही टोपी! डोकं फिरलं, मारली उडी. शिंग लागलं तेही कुठे, तर कुल्ल्यांच्या मधोमध, माकडहाडाच्या खाली. छातीवर वार बसला असता तर चारचौघांत दाखवता तरी आला असता.

टाके घातले नाहीत. जखम तळापासून भरत यायला हवी, वरची कातडी आधी मिटली तर आत पू साठतो. म्हणून रोज मिठाच्या पाण्यात भिजवलेली गॉजची पट्टी चिमट्याने तळापर्यंत भरायची आणि तिचं एक टोक बाहेर ठेवायचं. एनिल्दा आत्या हे दाराजवळच्या खाटेवर करायची, कारण उजेड तिथेच. मी पालथा, आणि येणारा-जाणारा डोकावून विचारणार, "काय दाइरो, बैल आज आत की बाहेर?" शेवटी आत्याला हाकललं. आरसा भिंतीला टेकवून, मान मुरगळून, माझं मीच करू लागलो.

मार्चच्या सुरुवातीला तू आलीस, कोनफळ घातलेल्या चीजच्या सुपाचा वाडगा घेऊन. हाक नाही, काही नाही. मी आरशापुढे तसाच ओणवा, आणि तू दारात. सगळं पाहिलंस. मी ओरडलो, "चालती हो!" तू म्हणालीस, "दाइरो, दोन मिनिटं ऐकून घे." मी ऐकलं नाही. तू वाडगा ठेवून गेलीस, आणि मी रागाच्या भरात पट्टी कशीबशी कोंबली.

चार दिवसांत वास यायला लागला, मग ताप. आत्याने जखम हुंगून निकाल दिला, "ही पोटुशी बाईची नजर! अशी बाई उघड्या जखमेकडे बघते तेव्हाच ती नासते. बोल, कोण आलं होतं?" अडीच सत्रं गायी-म्हशींच्या जखमा शिकलो, त्यातलं एक पान आठवलं नाही. मोटारसायकलवर उभा राहूनच तुझ्या दाराशी आलो आणि गल्ली गोळा केली. कोणाचं आहे, त्या टोपीवाल्याचं का, असं ओरडलो. तू उंबऱ्यात उभी. तोंडातून एक शब्द नाही. अगं, एक 'नाही' म्हणायला काय जात होतं तुझं? त्याचा राग मला अजून आहे. दुसऱ्या दिवशी तू बारांकियाला, मावशीकडे.

परवा आरोग्य केंद्रातल्या बेत्साबे नर्सबाईंनी खोलवर चिमटा घातला आणि बोटभर लांब, काळी पडलेली पट्टी ओढून काढली. "ही कुठल्या शहाण्याने भरली?" मीच. तू आलेल्या त्या दिवशी, टोक बाहेर न ठेवता. दुसऱ्या दिवशी तिच्यावरच नवी. "शिकून गाढव झालास," बाई म्हणाल्या.

तिथून थेट तुझ्या आईकडे गेलो. म्हटलं, नजरबिजर काही नव्हती, तुमच्या पोरीवर मी खोटा आळ घेतला. तिने दार अर्धंच उघडलं. "जखमेचं खोटं रे, पोटाचं नाही. पाचवा चाललाय तिला." आणि दार लावून घेतलं.

मी फाटकाशी उभ्याउभ्या बोटांवर महिने मोजत मागे गेलो, नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा टोपीवाल्याचं नावही तुला माहीत नव्हतं. म्हणजे तू सूप द्यायला आलीच नव्हतीस. जे मला एकट्याला सांगायला आली होतीस, ते मी गल्लीभर ओरडलो, तेही दुसऱ्याच्या नावावर. माफी मागत नाही. मागितली तरी तू देणार नाहीस, आणि तो सज्जा मीही विसरलेलो नाही. पण शनिवारच्या पहिल्या बसने बारांकियाला येतोय. इथे ओरडलो तेवढ्याच मोठ्याने तुझ्या मावशीच्या दारात ओरडणार आहे, की ते माझं आहे. नको असेल तर शुक्रवारच्या आत तसं लिही. आणि या वेळी गप्प राहिलीस, तर मी त्याचा अर्थ 'ये' असा घेईन.

तुला पटो न पटो, तुझाच
दाइरो