कुंकू लागलेली तीन बटणं

दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८८. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी सातपूरला ऑफिसात कॉम्प्युटर चालू केला, तर सुरूच होईना. एक फाईल सापडत नाही म्हणे. जिच्यावाचून यंत्र हलत नाही, नेमकी तीच!

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्याच हातून उडालं असणार. आता सगळं पुसा आणि पहिल्यापासून भरा."

सगळं पुसा? सुट्या भागांची यादी तीन वर्षं मी टाईप केलीय, यांनी नाही. कपाटातली मूळ फ्लॉपी काढली, तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू केला आणि तेवढी एकच फाईल परत टाकली. यादी जशीच्या तशी. यावर साहेब काय म्हणाले? "बघा, परवाच्या पूजेचा गुण!"

पूजेचा गुण म्हणे! तेव्हाच माझं लक्ष कीबोर्डवर गेलं. परवा खंडेनवमीला कॉम्प्युटरला कुंकू लावून साहेब तशाच बोटाने तिथे बसले होते. "नको त्या फाईली काढतो, सणाची साफसफाई." मी प्रसाद वाटत होते. आणि आता डी, ई, एल या तीन बटणांवर कुंकू. फाईल पुसायचा हुकूम याच तीन अक्षरांचा!

तोंडावर सांगायला हवं होतं का? भ्याले का मी?

इतक्यात झाडणाऱ्या मावशी फडकं घेऊन आल्या. "ताई, बटणं लाल झालीत. पुसू का?"

"नको मावशी," मी साहेबांकडे बघत म्हणाले, "साहेबांनी स्वतः केलेली पूजा आहे ती."

साहेबांनी उजवा हात खिशात घातला.