मामांनी पाठवलेला माफीनामा

आदरणीय मामा,

(आदरणीय हे सवयीनं लिहिलं गेलं, मनावर घेऊ नका.)

तुम्ही आईच्या हाती पाठवलेला माफीनामा मिळाला. टाइप सुबक आहे. खाली मी सही केली की दोन वर्षांची बंदी सहा महिन्यांवर येईल म्हणे. तुमच्या सायकलिंग संघटनेचं मन केवढं मोठं!

निवड चाचणीत शेवटच्या वळणावर मी अध्यक्षांच्या सुनेला मागे टाकलं, तेव्हा घड्याळ तुमच्याच हातात होतं. "पहिली आलीस गं पोरी!" असं तुम्हीच ओरडलात. संध्याकाळी संघाच्या यादीत तिचं नाव लागलं. मी तक्रार केली, तर बदनामी केली म्हणून मलाच बंदी. चौकशीत तुम्ही कोटाचं बटण लावत म्हणालात, "शेवटची रेषा मला नीट दिसली नाही." मामा, रेषेपासून दोन हातांवर उभे होतात! सचिवाच्या खुर्चीत बसून नजर इतकी अधू होते, हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं मी हँडलवर वाकून सायकल मारली, पण तुमच्याइतकं वाकायला काही जमलं नाही.

आईनं तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं, कर सही म्हणेल. तुमचा शब्द तिनं आजवर कधी मोडलेला नाही. ती म्हणाली, "माफी कशाची मागायची, ते यात कुठेच नाही." मग चष्मा काढून ठेवत म्हणाली, "अपिलाला मी येते तुझ्याबरोबर. त्या दिवशी मीही तिथे होते. दादा काय ओरडला, ते मी सांगेन."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. तुमच्या धाकट्या बहिणीकडूनच ऐका.

नात्यानं अजूनही,
तुमची भाची