ठोक्याला उत्तर

२ मार्च

आज संग्रहालयात रुजू झाले! पद व्याख्यातीचं. शाळेच्या मुलांना आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांना जीवसृष्टीबद्दल सांगायचं. बोलायचा पगार मिळणार हे ऐकून आई हसत सुटली. म्हणाली, आजवर तुला गप्प बसण्यासाठी लाच द्यावी लागत होती. आईला कमी ऐकू येतं, पण माझं बोलणं मात्र सगळं ऐकू येतं. माझा आवाज तिसऱ्या गल्लीत जातो, असं ती शेजारणींना कौतुकाने सांगते.

तळमजल्यावर बरण्यांची खोली आहे. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत स्पिरिटमध्ये बुडालेले मासे, सरडे, बेडूक. प्रत्येकाच्या अंगाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. सगळ्यात वरच्या फळीवर आहेत ते प्राणी आता जगात कुठेच उरलेले नाहीत. बरण्यांची देखभाल करणारे बरणीवाले काका त्यांना ‘वरची मंडळी’ म्हणतात, जणू व्याहीच. त्यांनी मला बजावलं की वरच्या मंडळींपुढे मोठ्याने बोलू नका, त्यांना सवय राहिलेली नाही. मी हसले. मुद्दाम त्या फळीसमोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात शब्द दिला: आजपासून तुमचा आवाज मी! काका पुटपुटले, बाई, शब्द जपून द्या, ऐकणारे पुष्कळ आहेत.

५ मार्च

शहराबाहेरची पाणथळ भरून तिथे गोदामं उभी करणार आहेत. हरकतींची सुनावणी वीस तारखेला; मीही हरकत नोंदवली आहे. आज गमबूट चढवून पाहायला गेले, आणि लव्हाळ्यातून ठोक्याचा आवाज आला! ठोक्या म्हणजे अंगठ्याएवढा बेडूक, कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नाही. त्याचं ओरडणं म्हणजे बोटाच्या पेराने काचेवर मारलेले तीन ठोके. मग तो थांबतो. दार वाजवून आतली चाहूल घ्यावी, तसा. आसपास दुसरा ठोक्या असेल तर तो उत्तर देतो. मी बराच वेळ बसून राहिले. उत्तर आलं नाही. वारा होता, ऐकू आलं नसेल.

९ मार्च

फोटो आणि ध्वनिमुद्रण घेऊन संचालकबाईंकडे नाचत गेले. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की सुनावणीत हे टिकणार नाही, फोटो कुणीही कुठलाही आणतो. नमुना हवा: बरणीत, चिठ्ठीसह, संग्रहालयाच्या शिक्क्याचा. इथली म्हणच आहे म्हणे, बरणीत नाही ते जगात नाही.

मी टेबलावर मूठ आपटून भांडले. मग घरी येऊन विचार केला. त्या पाण्यावर बगळे जगतात, पाणसाप जगतात, चतुर, शिंपले, मासे, त्या माशांवर जगणारं पाणमांजर. एकाचा जीव घेऊन एवढ्यांचा वाचत असेल, तर हात आखडता घेणं हा भेकडपणा! आईसमोर हे मी इतकं सुंदर मांडलं की मला स्वतःलाच पटलं.

११ मार्च

पकडला. तळहातावर बसून राहिला, पळायला बघितलंसुद्धा नाही. गळ्याखालची कातडी तेवढी फुगत होती. काचेच्या वाडग्यात, गुंगीच्या पाण्यात सोडला. तिथेही त्याने तीन ठोके दिले आणि थांबला.

स्पिरिट भरताना काकांनी विचारलं की दुसऱ्याचा आवाज ऐकलात ना? मी हो म्हटलं.

खोटं बोलले.

१३ मार्च

सकाळपासून उन्हं कलेपर्यंत लव्हाळ्यात बसले. त्याचाच मुद्रित आवाज लावून पाहिला. पुन्हा पुन्हा लावला. पाणी नुसतं ऐकत राहिलं.

व्याख्यानांत मी जातींचा ऱ्हास नेहमी आकड्यांत सांगते. टाळ्या पडतात. तो खरा कसा असतो ते आता कळलं: ओला, अंगठ्याएवढा, तळहातावर गार. इतकी वर्षं तो दार वाजवत होता. दार उघडलं ते मी.

संध्याकाळी कचेरीच्या दारावर तीन ठोके पडले. उघडलं. कुणी नाही. फरशी ओली.

१६ मार्च

काकांनी विचारलं होतं की बरणी खाली ठेवू की वर. मी खाली म्हटलं. आज ती वरच्या फळीवर आहे. काका आईची शपथ घेऊन सांगतात, त्यांनी हात लावला नाही. संचालकबाई म्हणाल्या, कुठेही ठेवा, शिक्का आहे ना?

बरणीतून ठोके ऐकू येतात. फक्त मला.

घसा बसलाय. सुनावणी तोंडावर आली आणि घसा —

१८ मार्च

डॉक्टरांना घशात काही दिसेना. आ करा म्हणाले. मी आ केला. तीन ठोके वाजले. डॉक्टर मागे न बघता म्हणाले, या, आत या.

घरी आईची कुरकुर: सकाळपासून कोण दार वाजवतंय, उघड ना, बहिरी झालीस का माझ्यासारखी?

मी तिच्यासमोर बसून तिच्याशी बोलत होते.

२० मार्च

सभागृह भरलेलं. टेबलावर बरणी. मी उभी राहिले. आयुष्यात एवढं तयार भाषण केलं नव्हतं. तोंड उघडलं —

तीन ठोके. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. पुन्हा तीन. सुनावणी घेणारे साहेब वैतागले, हरकत कुणाची आहे? बोलायचं नसेल तर बसा.

गोदामवाल्यांचा वकील उठला. त्याने बरणी उचलून गोड हसत विचारलं, की तिथे असा दुसरा आहे का, बाई? नसेल तर वाचवायचं कुणाला?

या वेळी खोटंसुद्धा बोलता आलं नाही.

हरकत फेटाळली.

२१ मार्च

ट्रक लागले. माती पडतेय. बगळे वर फिरताहेत, उतरायला जागा —

माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे.

२३ मार्च

बरण्यांच्या खोलीत आहे. कडी आतून लावली. बोटं ओली, पेन निसटतं.

वरच्या फळीसमोर उभी राहिले. माफी मागायची होती. तीन ठोकेच आले. थांबले —

उत्तर आलं. ठोक्याचं नाही. शेजारच्या बरणीतून बारीक शीळ. मग घुमणं. मग किरकिर, चीत्कार, कधी न ऐकलेलं —

शब्द दिला होता मी. वरची मंडळी तो घ्यायला आलीत. प्रत्येकाला बोलायचंय, एकाच वेळी, माझ्या —

गळ्याखालची कातडी फुगते —

बाहेर आई आलीय. काकांनी आणली असेल. हाक मारतेय. दार वाजवतेय. तीनदा. थांबली. चाहूल घेतेय. तिला माझं बोलणं ऐकू येतं, माझं नेहमी येतं, नुसती ओ दिली तरी —

पुन्हा तीन. पुन्हा थांबली.

आई, देते गं ओ, तोंड उघडते, पण आतून कुणाचा —