आई, डुकराचा निघू दे, पाच नारळ देईन

वाकोला,
रविवार

ती. दादास,

वनमालेचा वाकून नमस्कार. वांद्र्याला ऑपरेशन केलेल्या डोळ्याने हे अक्षर लागेल अशी आशा आहे. तुझं पोट गुरगुरतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून वहिनीने दृष्ट काढली असं कळलं. जप बाबा. (फोन मुद्दाम केला नाही. तुमचा फोन कायम स्पीकरवर, अर्धी वाडी ऐकते.)

दादा, आता इथलं ऐक. आमच्या ह्यांच्या पोटात महिनाभर दुखत होतं, आणि एके सकाळी संडासात चपटे पांढरे तुकडे पडले. वर ते मेले वळवळत होते! इस्पितळात दाखल केलं. तिथली डॉक्टरीण दिशा (वयाने एवढीशी, पण तोंड फटकळ) म्हणाली, पोटात टेपवर्म आहे, म्हणजे पट्टीसारखा जंत, खोलीभर लांब. अर्धंकच्चं मांस खाल्ल्याने होतो. एक जात डुकरातून येते, दुसरी गुरांतून. अंडी दोघांची सारखीच दिसतात, तेव्हा तुकडा पडला की आणून द्या. आता द्यायचा कशात? पेजेबरोबर नेलेली लोणच्याची बाटली होती, ती धुतली. (तू दिलेलीच, कैरीची.)

हे शपथेवर सांगत होते की मासे नि कोंबडीपलीकडे आपण गेलोच नाही. मी मनात देवीला साकडं घातलं, आई, डुकराचा निघू दे, पाच नारळ देईन. रानडुकराच्या वाट्याला आपल्या वाडीत कोण नाही म्हणतं? दिशाला हे सांगितलं तर ती बघतच राहिली. डुकराचा वाईट म्हणे, त्याची अंडी डोक्यात जाऊ शकतात. गुरांचा निघाला तर गोळीचं काम. मी म्हटलं, जाऊ दे डोक्यात, तिथे जागा रिकामीच आहे.

दुसऱ्या दिवशी ऐन भेटीच्या वेळेत ती हसत आली. काचेखाली तुकड्यातल्या गर्भपिशवीच्या फांद्या मोजल्या होत्या. डुकराच्यात मोजक्या असतात, ह्याच्यात भरमसाट.

"अभिनंदन काकी, बीफचाच आहे."

अख्खा वॉर्ड वळला. मी पदराने तोंड झाकलं. आणि भिंतीकडे तोंड करून पडलेले आमचे हे हळूच विचारतात, "डॉक्टर, ह्यात म्हशीचं पण धरतात का?"

दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन रडले, ह्यांची ताट-वाटी वेगळी काढली. शिमग्याला देवीच्या पालखीला पुढून तू आणि हे खांदा देता. तू देवस्थानचा मानकरी, तुझा शब्द चालतो. ह्या वर्षी ह्यांना पालखीला शिवू देऊ नकोस. लोकांना सांग, खांदा दुखतो. आणि चार शब्द सुनाव, ह्यांना धाक आहे तो एकट्या तुझाच.

तुझी बहीण,
वनमाला

ता.क. गोळी लागू पडली. जंत गेला, हे घरी आले. नवस फळला नाही, तेव्हा नारळ वाचले.

आणखी ता.क. पाकीट चिकटवता चिकटवता ह्यांना विचारलं, खायला नेलं कोणी? तर म्हणतात, "तुझ्या दादांचे डोळे दाखवायला वांद्र्याला जायचो ना, येताना." वर म्हणे, सीख कबाब जरा कच्चाच मऊ लागतो हेही दादांनीच शिकवलं. आता पाकिटाऐवजी पार्सल करते. सोबत ती लोणच्याची बाटली आहे, उकळून घेतली आहे. तुकडा पडला की तालुक्याच्या इस्पितळात ने, आणि वहिनीला म्हणावं, दृष्ट काढत बसू नको. पालखीला ह्या वर्षी दोन खांदे नवे बघ.